झाकण न लावणारी बाई

पट्टीवर A नव्हता. शीलाने रक्ततपासणीची ती ओली पट्टी चिमट्यात धरून खिडकीपाशी नेली, उलटी केली, सुलटी केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली, पण नसलेला A काही उगवला नाही. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात जो डाग सगळ्यांत जाड उमटतो त्याची जागा धुतल्यासारखी कोरी होती. एका बाजूला S होता, सिकलसेलचा. त्याच्याशी शीलाची जुनी ओळख होती. आणि त्याच्यापुढे, जिथे एकसष्ट वर्षांच्या बाईच्या रक्तात काही म्हणजे काही नसायला हवं, तिथे F बसला होता, चांगला ऐसपैस, घरचाच असल्यासारखा. F म्हणजे पोटातल्या बाळाचं रक्त. जन्मानंतर ते हळूहळू आटतं आणि नाहीसं होतं. पट्टीवर आठ नमुन्यांची जागा असते, सकाळी सातच आले होते, आणि जागा वाया जाऊ नये एवढ्याचसाठी शीलाने आठवा थेंब आपल्या सासूचा लावला होता. तुळसाबाईची तपासणी खरं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची होती, साखर आणि हिमोग्लोबिन, बस. आता पट्टी सांगत होती, की बाहेर बाकावर नातीला शेंगा सोलून देत बसलेली ती बाई जन्मापासून सिकलसेलची रोगी आहे आणि तिच्या अंगात निरोगी हिमोग्लोबिनचा एक कणही नाही.

काहीतरी घोटाळा आहे, हे शीलाच्या मनात सगळ्यांत आधी आलं, आणि घोटाळा म्हटल्यावर तिला स्वतःचाच संशय आला. बालवॉर्डातून दोन तान्ह्यांची रक्तं आली होती. S असलेल्या बाळाची पट्टी थोडीफार अशीच दिसते. नळी बदलली असेल. पण सासूचं रक्त तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं, नाव स्वतः लिहिलं होतं आणि झाकणही स्वतःच दाबून लावलं होतं, कारण तुळसाबाईच्या हातून ते लागण्यातलं नव्हतं. भारनियमन अकरापासून होतं. तिने दुसरी पट्टी घेतली, एकाच नमुन्याचे तीन थेंब लावले आणि पट्टी ठेवायच्या डब्याच्या काचेवर कोपर टेकून करंट वाहत असताना नुसती बघत बसली. तिन्ही जागी तेच आलं. तेव्हा शीलाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. यवतमाळच्या त्या लॅबमध्ये, जिथे भिंतीवर थुंकू नये असं चार ठिकाणी लिहिलं होतं, तिथे भर सकाळी एकटीच हसत उभी असलेली बाई कुणी पाहिली असती तर त्याने तिचंच रक्त तपासायला सांगितलं असतं.

हसण्याचं कारण झाकणं हे होतं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं तिचं सासूशी एकाच गोष्टीवरून वाजत होतं. तुळसाबाई उघडलेली वस्तू बंद करत नसे. तिखटाचा डबा उघडा, तेलाची बरणी उघडी, माठ उघडा, नळ अर्धा, आणि दार तर बाभुळगावच्या घरचं काय, यवतमाळच्या भाड्याच्या खोलीचंही दिवसभर सताड. ‘आत्याबाई, मुंग्या लागतात,’ म्हटलं की ‘लागू दे ना व, त्यायले बी पोट हाय’ म्हणायची. रवी, तिचा मुलगा आणि शीलाचा नवरा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तो दोघींच्या मधे कधी पडला नाही, फक्त मुंग्या वेचून चहा पिऊन डेपोत जायचा. शीला मात्र झाकणांतच वाढलेली. लॅबमध्ये प्रत्येक बाटलीला बूच, प्रत्येक बुचाला तारीख, आणि तारीख उलटली की बाटलीवर चिकटपट्टी: ‘वापरू नये’. बाटली फेकायची नाही, कपाटात तशीच ठेवायची. आत द्रव असतो तसाच असतो, पण पट्टी दिसली की कुणी हात लावत नाही. आणि हसता हसता तिला वाटलं, ही बाई आतूनही तशीच आहे की. साठ वर्षांपूर्वी बंद व्हायला हवी होती ती बाटली हिच्या हाडांत अजून उघडी आहे.

ही बाटलीची उपमा तिची स्वतःची होती. मूळ सांगणं डॉक्टरांचं. डॉक्टर देवसिंग राठोड लॅबचे प्रमुख, आज मुकुटबनच्या शिबिराला गेलेले. दीड वर्षापूर्वी तिच्या मुलीची, उर्वशीची, पट्टी आली, तिच्यावरही A नव्हता, तेव्हा त्यांनी शीलाला खुर्चीवर बसवलं होतं, स्वतः उभे राहिले होते आणि एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर एक वेडीवाकडी शिडी काढली होती. “पाह्य बाई. बाळाच्या रक्ताचा जीन कुठं जात नाही. रक्त बनवनाऱ्या पेशींत तो मरेपर्यंत असते, जसाच्या तसा. फक्त जन्मल्यावर त्याच्यावर बारके बारके ठिपके लागतात, मेथिलचे. ठिपके लागले की जीन गप्प.” ते शिडीवर पेनाने टिपके देत राहिले होते. “हे ठिपके लावणारे प्रोटीन वेगळे, ते वाचून जीनले दाबून ठेवणारे वेगळे अन् पुसणारे वेगळे. तुह्या पोरीचं काय होईल, ते या लोकायच्या हातात हाय. यायनं इमानदारीनं काम केलं तर F बंद, सारा S. मग S च्या साखळ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते, अन् दुखणं सुरू. F मधात उभा असला की साखळी जुळत नाही.” शीलाने विचारलं होतं, “म्हणजे त्यायनं इमानदारीनं काम नाही केलं पाह्यजे?” “नाहीच केलं पाह्यजे,” डॉक्टर म्हणाले, आणि मग म्हणाले, की परदेशात या लावणाऱ्यांचा हात ढिला करणारं औषध माणसांवर करून पाहतायत, पण काही घराण्यांत ते लोक जन्मतःच ढिले असतात, आणि आपल्या भागात अशी घराणी बरीच आहेत. “पोरगी अडीच-तीन वर्षांची झाली की F मोजू. त्याआधी मोजणं म्हणजे स्वतःले फसवणं.”

तेव्हापासून शीला रोज, वंदना झाल्यावर बुद्धमूर्तीसमोर जरा वेळ जास्त बसून, आपल्या मुलीच्या रक्तात ते ठिपके लावणारे कामचुकार निघावेत अशी इच्छा करत होती. मागणं कुणाकडे मागायचं नसतं, हे तिच्या वडिलांनी, बाबांनी, शिकवलेलं. म्हणून ती मागत नसे, नुसती इच्छा करत बसे. सरकारी नोकरीत पाच वर्षं काढलेल्या बाईला कामचुकार माणूस ही काय चीज असते हे कुणी सांगायला नको होतं. जग भरलेलं होतं त्यांनी, मग एवढुशा पोरीच्या हाडांत एखादा का नसावा? पण उर्वशी अडीच वर्षांची झाली, त्यावर चार महिने गेले, डॉक्टरांनी दोनदा आठवण केली आणि शीलाने मोजलं नाही. आज सर्दी आहे, आज रसायन ताजं नाही, आज रवी घरी नाही. पोरीचं अजून काही दुखलं नव्हतं. रात्री कूस बदलली तरी शीला तिची बोटं चाचपून बघे, सुजलीत का. सुजलेली नसत. मोजलं की कळेल, आणि कळलं की मग ते आयुष्यभर कळलेलंच राहील. त्यातून मोजणार कोण, तर शीला. शीलाच्या डोळ्यांवर शीलाचा विश्वास उरला नव्हता.

त्याला कारण होतं. तिचे वडील धर्मपाल, बोरी अरबला मास्तर, एका गोष्टीत पक्के होते. ‘आपल्यात कुंडली नाही, पण रक्ताचा कागद पाह्यल्याशिवाय पोरगी देणार नाही.’ शीलाचा धाकटा भाऊ धम्मदीप चौदाव्या वर्षी याच दुखण्याने गेला होता. त्याच्या गुडघ्यांना शेक द्यायचं फडकं आईने अजून टाकलं नव्हतं. शीला स्वतः वाहक होती, अर्धा S, त्रास काही नाही. तिला चालणार नव्हता तो नवऱ्याकडचा दुसरा अर्धा S, कारण दोन अर्धे मिळून मूल पूर्ण रोगी होऊ शकतं. त्यामुळे तिच्या लग्नात मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला नाही, मुलाचं रक्त दाखवायचा झाला. तिघांनी रक्तं दिली, तिघांचीही तिनेच तपासली, दोघं वाहक निघाले आणि सुटले. तिसरा रवी. तो सुई बघून घाबरला नाही, पण घाबरल्याचं सोंग करून त्याने तिला हसवलं, आणि बाही खाली करताना म्हणाला, “रिझल्ट काही बी येवो, चहा त पाजा.” तपासणी साधी असते. नळीत रसायन, त्यात रक्ताचा थेंब, नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर S नाही. नळी गढूळ झाली, रेघा बुडाल्या, तर आहे. रवीच्या नळीतून शीलाला रेघा दिसल्या. दिसल्या होत्या. एकूण एक रेघ. तिने ‘निगेटिव्ह’ लिहिलं आणि चहा मागवला. रसायन जुनं होतं, की थेंब कमी पडला, की नळीमागे रेघा नव्हत्याच आणि तिने त्या स्वतःच्या खुशीने ओढून घेतल्या, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही. उर्वशीचा कागद आला, रवीही वाहक आहे हे उघड झालं, तेव्हा बाबा यवतमाळला आले, बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले, मग त्यांनी एवढंच विचारलं, “रेघा दिसल्या होत्या ना तुले?” ती हो म्हणाली. “मग झालं,” ते म्हणाले, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं, असं तिला अनेकदा वाटे.

हात पुसून ती बाहेर व्हरांड्यात आली. दोन हजार आठचा नोव्हेंबर. त्या वर्षांत यवतमाळचं नाव रोज पेपरात असायचं, आणि कशासाठी ते सांगावं लागत नसे. मोठ्या शहरांतल्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कापसाचं विचारून जायचे. तुळसाबाई बाकावर मांडी घालून बसली होती, शेजारी जेवणाचा डबा, अर्थात उघडा, आणि नात तिच्या मांडीवर उभी राहून तिच्या केसांत शेंगांची टरफलं खोचत होती. शीला समोर उकिडवी बसली आणि सासूकडे नव्याने बघू लागली. डोळ्यांत जरा पिवळट झाक होतीच की. इतके दिवस ती कशी दिसली नव्हती?

“आत्याबाई, तुमचे हातपाय कधी दुखत होते का? लहानपणापासून?”

“दुखतच ना व. कोणाचे नाही दुखत? थंडीत कापूस येचाले गेलं की सांधे धरत होते.”

“मग काय करत होत्या?”

“काय करत? दोन दिस पडून राह्यलं, तिसऱ्या दिशी येचाले गेलं. रवीच्या टायमाले मातर पिवळी पडलती मी, लय. डॉक्टर म्हने रक्त कमी हाय. त आता कमी त कमी.” तिने एक शेंगदाणा नातीच्या तोंडात टाकला. “काहून? डोळ्याचं आपरेशन होत नाही का?”

“होते, होते. नेत्रवाल्या डॉक्टरले फक्त सांगा लागन.” आणि मग शीलाने सांगितलं. तिला वाटलं होतं समजावायला वेळ लागेल, पण तुळसाबाईने नुसतं ऐकून घेतलं, आणि शीला ‘लहानपणीचं रक्त’ म्हणाली तिथे तिचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजे माह्यं लहानपनीचं रक्त अजून चालू हाय?”

“हो. बंदच नाही झालं.”

“बंद करायचंच राह्यलं असन,” तुळसाबाई म्हणाली, आणि सून का हसतेय हे तिला कळलं नाही, तरी तीही हसली. मग हसता हसता थांबली आणि तिने मांडीवरच्या नातीच्या पायांना विळखा घातला. “अन् इचं?”

शीला उठून उभी राहिली. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. विचारायचं ते दुसऱ्याच कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, “चला आत.” आणि त्याच क्षणी पंखा गेला. अकरा वाजले होते. रंगाचा आकडा सांगणारं यंत्र विजेवर चालत होतं. त्याच्या आकड्यामागे लपता आलं असतं, तेही गेलं. उरली जुनी पद्धत, जिला वीज लागत नाही. रक्तात क्षार घालायचा, एक मिनिट थांबायचं. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन क्षारात मोडतं, S सुद्धा मोडतो; बाळाचं मोडत नाही. मग मीठ घालून सगळं गाळायचं. मोडलेलं गाळणीच्या कागदावर तपकिरी चिखल होऊन राहतं, न मोडलेलं खाली नळीत उतरतं, आणि जितकं असेल तितकं गुलाबी दिसतं. काहीच नसेल तर खाली नुसतं पाणी.

तिने तीन नळ्या मांडल्या. पहिली स्वतःची, ताडून पाहायला. तिने आपल्याच बोटाला टोचलं. दुसरी तुळसाबाईची. उर्वशी हे सगळं गंभीरपणे बघत होती. आई झाली, आजी झाली, आणि आता आपल्याला वगळतायत की काय अशी शंका येऊन तिने बोट पुढे केलं. “मले बी.” शीलाने टोचलं. आजी आणि आई रडल्या नव्हत्या, म्हणून तीही रडली नाही. शीलाने मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, क्षार घातला आणि सेकंदकाट्यावर नजर लावली. साठ सेकंद. त्यांत तिला रवीचा चहा आठवला, भावाचं शेकायचं फडकं आठवलं, बाबांच्या मांडीवर फिरणारी टोपी आठवली. मीठ घातलं. तिन्ही मिश्रणं गाळणीवर ओतली. पहिल्या नळीत थेंब पडू लागले, स्वच्छ, पाण्यासारखे. ती स्वतः, अपेक्षेप्रमाणे कोरी. दुसऱ्या नळीत गुलाबी उतरलं, बघता बघता बोटभर. तिसऱ्या गाळणीच्या टोकाशी थेंब जमू लागला, आणि शीलाने पाठ फिरवली.

“आत्याबाई, तुम्ही पाह्या.”

“मी? मले काय समजते त्यातलं?”

“समजाले नाही पाह्यजे. नुसता रंग सांगा.” खिडकीबाहेर कडुलिंब होता आणि त्याखाली कुणाची तरी सायकल पडली होती, शीला त्या सायकलीकडे बघत राहिली. मागे तुळसाबाई स्टुलावरून उतरल्याचा आवाज झाला. तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी दारव्ह्याच्या शिबिरात झालं होतं, आणि तेव्हापासून त्या एका डोळ्याचा तिला फार अभिमान होता. काहीही नीट पाहायचं असलं की ती उजवा डोळा तळव्याने झाकून घेई. आताही झाकला असणार. या डोळ्याने तिने चाळीस वर्षं कापूस निवडला होता, पांढरा वेगळा आणि किडका पिवळट कवडी वेगळा, भर उन्हात, भराभर, कुणी न सांगता. उर्वशी आजीला म्हणत होती, मले पाहू दे, मले पाहू दे. थेंब पडत होते की नव्हते, कळत नव्हतं. शीलाला वाटलं, सांगितलं नाही तरी चालेल, ही बाई अशीच एक डोळा झाकून उभी राहू दे, पोरगी अशीच हट्ट करत राहू दे. सांध्यांत दुखणं कधी येणारच नाही असा काही हा रंग नव्हे, हे तिला माहीत होतं. पण तीन दिवसांत उठून कापूस वेचायला जाणारं दुखणं आणि धम्मदीपचं दुखणं यांत जे अंतर होतं, ते सगळं त्या नळीत पडत होतं.

“कापसाच्या पऱ्हाटीचं फूल पाह्यलं ना व तू?” तुळसाबाई मागून म्हणाली. “पह्यल्या दिशी पांढरट रायते, दुसऱ्या दिशी गुलाबी होते.”

“हो.”

“हे दुसऱ्या दिशीचं हाय.”

शीला वळली नाही. “तुमची नळी नाही, आत्याबाई. तिसरी.”

“तिसरीच त सांगून राह्यली. माह्यं बी तसंच हाय, पण पोट्टीचं जरा जास्त.”

“माह्यं मन राखाले त नाही ना सांगत?”

 तुळसाबाई जराशी दुखावल्या सुरात म्हणाली, “मन राखाले कवडी कधी पांढऱ्यात नाही घातली व म्या.”

तेव्हा शीला वळली. नळी गुलाबी होती. तिने डोळे मिटून उघडले, नळी खिडकीच्या उजेडात धरली, मागे पांढरा कागद धरला, मग सवयीने काळ्या रेघांचा कागदही धरला, आणि रेघाही दिसल्या, गुलाबीतून, एकूण एक. पण या वेळी दुसरं कुणीतरी आधी पाहिलं होतं. तिने नळी जपून परत जागेवर ठेवली. ती रडली, आणि रडताना हसली, आणि उर्वशीने ही संधी साधून नळीला बोट लावलं. डॉक्टर आल्यावर यंत्रावर आकडा काढायचा होता, रवीला फोन करायचा होता, बाबांना तर आजच, आत्ताच कळवायचं होतं.

तुळसाबाई तिच्याकडे बघत होती. सुनेच्या कामाच्या जागी आपण कसं वागावं, हे तिने मनाशी ठरवलं असावं, कारण तिने टेबलावर विखुरलेल्या बुचांतलं एक उचललं, नातीच्या नळीजवळ नेलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच, आपणहून, काहीतरी बंद करायला हात पुढे केला.

शीलाने तो हात धरला.

“राहू द्या, आत्याबाई,” ती म्हणाली. “उघडंच राहू द्या.”